अभ्यासातल्या बायका

डॉक्टरसाहेब आरशासमोर उभे राहून भाषणाची तालीम करत होते आणि डॉक्टरीणबाई हातात ट्रे घेऊन जिना चढत होत्या. गरोदर बाईने चाललं पाहिजे, हिंडलं-फिरलं पाहिजे, असं साहेब खालून आरशाला बजावत होते. वर, जिन्याच्या टोकाच्या खोलीत, त्यांची सख्खी मुलगी सातवा महिना लागलेला असताना उशांच्या ढिगाऱ्यात आडवी पडून होती. तिला खिडकीपर्यंत जायचीही परवानगी नव्हती. ती परवानगी नाकारणारे गृहस्थ खाली टाय नीट करत होते.

डॉक्टरीणबाईंचा डॉक्टरकीशी काडीचा संबंध नव्हता. उभी हयात त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. पण नवरा डॉक्टर म्हटल्यावर बायको जगाच्या लेखी डॉक्टरीणबाई, मग तिने जन्मात कुणाची नाडी धरलेली नसली तरी चालतं. बाईंनी हे बिरुद मुकाट्याने स्वीकारलं होतं. त्या बदल्यात एकूण डॉक्टर जमातीला मनातल्या मनात हवी ती नावं ठेवायची मुभा त्यांनी स्वतःला देऊन टाकली होती, आणि ती त्या रोज वापरत. आत्ताही वापरत होत्या. चांगला पाय वरच्या पायरीवर टाकायचा, दुखऱ्या गुडघ्याचा पाय ओढून त्याच पायरीवर आणायचा, सूप हिंदकळू द्यायचं नाही आणि साहेबांना एक शेलकी शिवी हासडायची, असा त्यांचा जिना चढण्याचा क्रम ठरून गेला होता.

मुलगी अशी मुळूमुळू पडून राहणारी नव्हती. ती पुलांची तपासणी करायची. कमरेला दोर बांधून पुलाच्या पोटाखाली लोंबकळायचं, हातोडीने ठोकून भेगा शोधायच्या आणि वर येऊन दोन माणसांचं जेवण एकटीने जेवायचं, असं तिचं आयुष्य होतं. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. तेव्हा साहेब न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ आत बसले होते. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि साबण गेला असं म्हणाले. बाईंनी त्या दिवशी त्यांना मनातसुद्धा नाव ठेवलं नाही.

या खेपेला सुरुवातीलाच थोडं रक्त दिसलं. साहेबांनी गाडी काढली, लेकीला उचलून आणल्यासारखं घरी आणलं आणि वरच्या खोलीत झोपवलं. फक्त आठवडाभर, असं म्हणाले. रक्त दोनच दिवसांत थांबलं. पुढच्या सगळ्या तपासण्या उत्तम आल्या, बाळ पोटात मजेत लाथा मारू लागलं, पण साहेबांचा आठवडा काही संपेना. महिन्यांमागून महिने गेले. जावई बिचारा दूरदेशी कामावर होता. तो रोज फोन करायचा आणि बाबा म्हणतील तसं, एवढं बोलून ठेवून द्यायचा. त्याच्याबद्दल बाईंचं मत काय होतं ते इथे न सांगितलेलंच बरं.

त्यात घरी राबता होता गुडघेवाल्यांचा. हे साहेबांचे कॉलेजपासूनचे मित्र, हाडांचे सर्जन. दर रविवारी जेवायला येत आणि जेवता जेवता शहाणपण पाजळत. ताज्या संशोधनाप्रमाणे दुखऱ्या गुडघ्याला आराम देणं हाच मोठा मूर्खपणा आहे, मांडीचे स्नायू बळकट करा, चाला, निम्म्या ऑपरेशनांची गरजच उरणार नाही, असं ते पोळी मोडत सांगायचे. "वहिनी, तुम्ही व्यायाम करायला हवा हं," असं म्हणून ते मीठ मागायचे, कारण मीठ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असे आणि त्यासाठी उठावं लागे. हा माणूस स्वतःच्या हॉस्पिटलात पहिल्या मजल्यावर लिफ्टने जातो, हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. इतक्या वर्षांत त्याने एकदाही त्यांच्या गुडघ्याला हात लावून कुठे दुखतंय असं विचारलेलं नव्हतं.

तरी एके दिवशी, निव्वळ हे लोक थापा मारतात हे सिद्ध करायचं म्हणून, बाईंनी खुर्चीवर बसून पाय सरळ करायला सुरुवात केली. पाय उचलायचा, धरून ठेवायचा, सावकाश खाली आणायचा. भाजी निवडताना करायच्या, फोनवर बोलताना करायच्या. आणि गुडघा खरोखरच कमी दुखू लागला. जिना अजून जड जाई, पण सकाळी उठताना भिंत धरावी लागेनाशी झाली. याचा बाईंना भयंकर संताप आला. संशोधन खोटं असतं तर त्यांना या दोघांना एका फटक्यात मोडीत काढता आलं असतं. संशोधन खरं निघालं, माणसं तेवढी पोकळ निघाली.

भाषणाच्या दिवशी ट्रे घेऊन त्या वर पोचल्या तेव्हा लेक छताकडे बघत होती. तिचे पाय चादरीतून बाहेर आले होते. एकेकाळी पोलादी दोरासारख्या असलेल्या त्या पोटऱ्या आता सैल पडल्या होत्या. बाई उशी सारखी करू लागल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, मी या कुशीवर वळले तर चालेल ना? बाबा रागावणार नाहीत ना?"

बाईंनी चालेल म्हणून सांगितलं, ट्रे ठेवला आणि खाली स्वयंपाकघरात येऊन ओट्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. पुलाखाली लटकणारी पोरगी कूस बदलायला परवानगी मागत होती. बाळ सुखरूप येईल, याची त्यांना मनोमन खात्री होती. पण त्या बाळाला उचलून घ्यायला जी बाई लागते ती या खोलीत रोज थोडी थोडी झिजत होती. अजून दोन महिने असेच गेले तर ही पोरगी स्वतःच्या पायांवर कधी विश्वास ठेवणार नाही, अशी भीती त्यांच्या मनात बसली. डोळ्यांत पाणी आलं ते रागानेच आलं.

भाषण दुपारी होतं. साहेबांच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या सभागृहात, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर. बाईंनी जायला आधी नकार दिला होता, कारण पहिल्या रांगेत बसून मान डोलावण्याची नोकरी त्यांनी पुष्कळ वर्षं केली होती. पण कुशीची ती गोष्ट ऐकल्यावर त्यांनी साडी बदलली. साहेब खूश झाले. लेकीजवळ बसायला शेजारच्या बाईंना बोलावलं, साहेबांनी त्यांना अमुक करू देऊ नका, तमुक करू देऊ नका असं दारातून दोनदा बजावलं आणि मग स्वारी निघाली.

सभागृहात थंडगार हवा सोडली होती आणि सगळ्यांच्या गळ्यात आपापल्या नावाचे बिल्ले लोंबत होते. साहेब मंचावर चढले. बोलायला लागले की ते खरंच रुबाबदार दिसत, हे बाईंना कबूल करावं लागे. त्यांनी आपला अभ्यास समजावून सांगितला. सुरुवातीला थोडा रक्तस्राव झालेल्या, पण नंतर सगळं ठीक असलेल्या बायका त्यांच्या विभागाने निवडल्या होत्या. काहींना जुन्या पद्धतीने अंथरुणात ठेवलं, काहींना रोजचं जगू दिलं, चालायला आणि हलका व्यायाम करायला लावलं. झोपून राहिलेल्यांना झोपण्याचा कवडीचा फायदा झाला नाही. उलट त्यांचे स्नायू गळाले, मन खचलं, एक-दोघींच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. चालणाऱ्या बायका मात्र चांगल्या राहिल्या, त्यांची बाळंही चांगली राहिली.

बाई खुर्चीत ताठ बसल्या. अभ्यासातल्या त्या बायका थेट त्यांच्या लेकीसारख्या होत्या. तेच थोडंसं रक्त, तेच थांबणं, त्याच उत्तम तपासण्या. त्या बायका कोण हे साहेबांना ठाऊक होतं, कारण त्यांनीच त्या वेचून काढल्या होत्या. रोज सकाळी हा माणूस लेकीच्या खोलीत डोकावून उठू नकोस म्हणत होता, आणि तिथून निघून हॉस्पिटलात येऊन हे आकडे जुळवत होता.

"अंथरुणात झोपवून ठेवणं हा उपचार नाही," साहेब धीरगंभीर आवाजात म्हणाले. "ती डॉक्टरची भीती आहे. आपण ती पेशंटच्या अंगावर पांघरूण म्हणून घालतो."

सभागृहात टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत साहेबांची जुनी विद्यार्थिनी बसली होती. आता ती स्वतः नावाजलेली प्रसूतितज्ज्ञ होती आणि बाईंच्या लेकीची तपासणी तीच करत होती. ती सगळ्यांच्या जोरात टाळ्या वाजवत होती. बाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, तशा तिच्या टाळ्या थांबल्या आणि तिने हात मांडीवर ठेवले.

बाई उठल्या. भर भाषणात, पहिल्या रांगेतून. गुडघा कटकन वाजला आणि शेजारच्या पाहुण्याने दचकून पाहिलं. मंचावर साहेब क्षणभर अडखळले, मग त्यांना वाटलं असावं की बाईंना स्वच्छतागृहाकडे जायचंय, कारण त्यांनी पुढचं चित्र पडद्यावर आणलं.

विद्यार्थिनी मागोमाग बाहेर आली. बरं वाटत नाही का मॅडम, असं विचारू लागली. बाईंनी तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलांशी बोलताना त्या अशाच उभ्या राहत.

"माझ्या मुलीला उठून चालायला काही हरकत आहे का?"

ती म्हणाली की वैद्यकीयदृष्ट्या तशी नाही, सगळं छान आहे, खरं तर झोपवल्यानंतरच्या पहिल्या महिन्यानंतरच काही हरकत नव्हती.

"मग तू सांगितलं का नाहीस?"

विद्यार्थिनीने चष्मा काढून पुसला. सरांच्या घरचं प्रकरण, सरांनी ठरवलेलं, त्यात आपण कसं बोलणार, आणि त्यातून चुकून काही झालंच असतं तर, असं ती तुकड्यातुकड्याने बोलत राहिली. एवढी शिकलेली, लोकांच्या पोटातून जिवंत माणसं बाहेर काढणारी बाई, आणि सरांचं नाव निघताच तिची बोबडी वळली होती. बाईंना तिची कीवही आली नाही.

"पेशंट कोण आहे तुझी? ती, की ते?"

 विद्यार्थिनीने चष्मा घातला आणि जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "उठवा तिला. आधी थोडा वेळ पाय सोडून बसू द्या, चक्कर येत नाही ना ते बघा. मग आधार देऊन चालवा, दमली की थांबवा. पायाला सूज आली, दुखलं, दम लागला तर लगेच मला फोन करा. संध्याकाळी मी स्वतः येऊन बघते."

"हे आधीच सांगितलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता, बाई टॅक्सी शोधायला निघाल्या.

घरी आल्यावर त्यांनी शेजारच्या बाईंना निरोप दिला आणि खोलीचे पडदे सरकवले. लेकीला म्हणाल्या, उठ, पाय खाली सोड. लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, तिथे नुसती धास्ती होती.

"बाबांना विचारू या ना आधी," ती म्हणाली.

"विचारून आले," बाई म्हणाल्या. "भरल्या सभागृहासमोर हो म्हणाले. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या."

लेकीला हे नीट कळलं नाही, पण आईचा हा आवाज ती लहानपणापासून ओळखत होती. ती कडेला आली, पाय सोडून बसली. डोकं जरा गरगरलं, मग थांबलं. बाईंनी तिला विद्यार्थिनीने सांगितलेलं सगळं सांगितलं, पहिल्या महिन्यानंतर हरकत नव्हती हेही सांगितलं.  ते ऐकून लेक आईच्या खांद्याला धरून उभी राहिली. तिचे पाय लटपटत होते. बाईंचा एक गुडघा कुरकुरत होता. अशा दोघी मिळून एका चांगल्या पायाच्या जोरावर खिडकीपर्यंत गेल्या.

खिडकीतून लेकीला समोरचा रस्ता दिसला, वळणावरचं सायकलीचं दुकान दिसलं. ती म्हणाली, खाली जायचंय. बाई म्हणाल्या, उद्या. ती म्हणाली, आज. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने कुणाला काही ठणकावून सांगितलं होतं, त्यामुळे बाईंनी वाद घातला नाही. थोडा वेळ बसून, पाणी पिऊन, जिना त्यांनी बसत उठत उतरला. मध्ये एकदा लेक पायरीवर टेकली आणि खुदकन हसली. पुलावर दोराला लोंबकळताना जी बाई कधी घाबरली नाही ती घरच्या जिन्याला घाबरतेय, असं म्हणाली. बाईही हसल्या, पण त्यांना रडू येत होतं.

फाटकाबाहेर भिंतीला लागून एक सिमेंटचा कट्टा होता. दोघी तिथे बसल्या. लेकीने चपला काढून पावलं उन्हात ठेवली.

साहेबांची गाडी आली तेव्हा मागच्या सीटवर फुलांचा हा मोठा गुच्छ होता आणि पुढे गुडघेवाले बसले होते. साहेबांना आधी कट्ट्यावरचं कोण ते कळलं नाही. कळलं तेव्हा ते गाडी मध्येच उभी करून दार न लावता धावत आले. चेहरा पांढराफटक पडला होता. हिला कोणी उठवलं, आत चल, नको, चालू नकोस, मी खुर्ची आणतो, असं काहीबाही बोलत त्यांनी लेकीच्या दंडाला धरलं. थोड्या वेळापूर्वी मंचावर रुबाबात उभा असलेला माणूस हाच, यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

"तुम्हीच उठवलंत," बाई म्हणाल्या. "दुपारी. मी पहिल्या रांगेत होते."

साहेब म्हणाले, ते वेगळं. गुडघेवालेही मित्राच्या मदतीला धावले, म्हणाले की वहिनी, संशोधन हे सर्वसाधारण बायकांसाठी असतं, प्रत्येक केस वेगळी असते. बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते मागे सरून गाडीचं दार लावायला गेले.

"काय वेगळं?" बाईंनी साहेबांना विचारलं. "त्यांनाही रक्त दिसलं होतं, हिलाही दिसलं. त्यांचंही थांबलं, हिचंही थांबलं. त्या अभ्यासातल्या बायका आणि ही, फरक काय आहे सांगा ना. तुम्ही मोठे तज्ज्ञ आहात."

साहेबांचा हात अजून लेकीच्या दंडावर होता.  ते काहीतरी शास्त्रीय सांगणार असं वाटलं, पण ते त्यांना सापडलं नाही. मग ते खूप हळू बोलले.

"त्यांच्यातल्या एखादीचं काही बिनसलं असतं, तर मला वाईट वाटलं असतं आणि मी घरी येऊन जेवलो असतो. हिचं बिनसलं तर मी कुठे जाऊ?"

 गुडघेवाले गाडीच्या दाराशी बुटांकडे बघत उभे होते. बाईंनी या क्षणासाठी मनात बरीच वाक्यं तयार ठेवली होती, एकाहून एक जहाल. त्यातलं एकही आता वापरता येईना. नवऱ्याची त्यांना दया आली, आणि त्याच वेळी अशी किळस आली की त्यांनी नजर वळवली. त्या सगळ्या बायका, कुणाकुणाच्या लेकी, विश्वासाने याच्या सांगण्यावरून चालल्या होत्या किंवा झोपून राहिल्या होत्या, आणि हा माणूस त्यांच्यानंतर घरी येऊन जेवत होता. जेवण वाढत होत्या त्या स्वतः.

"हे तिथे सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या. "मंचावर. तेवढं एकच आज खरं बोललात."

लेकीने बापाचा हात दंडावरून सोडवला. झटकला नाही, एकेक बोट उचलून बाजूला केलं. चपला घातल्या, कट्ट्यावर तळवे टेकले आणि कुणाचाही आधार न घेता उभी राहिली. जरा डुलली. साहेबांचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले आणि तिला न शिवता हवेतच थांबले.

"मी त्या बायकांपैकीच आहे, बाबा," ती म्हणाली. "माझंही नाव त्यांच्यात घाला."

आणि ती सायकलीच्या दुकानाच्या दिशेने चालू लागली. थोडंसंच, जपून, पण आईकडेही न बघता. बाई दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि तिच्या मागे निघाल्या. साहेब तिथेच कट्ट्याशी हात पुढे करून उभे होते, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी असल्यामुळे मागचे लोक हॉर्न वाजवत होते.